गाडीचा तापमानाचा काटा लालवर जातो, पण फक्त गर्दीत. थर्मोस्टॅट काढून टाकू का? (दिग्रस-वणी-चंद्रपूर)

दिग्रसकर_२

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. लग्नसराईमुळे दिग्रस-यवतमाळ-वणी-चंद्रपूर अशा चकरा सुरू आहेत. गाडी डिझेल हॅचबॅक, जुनी, लाखाच्या वर चाललेली. मोकळ्या रस्त्यावर काटा मधोमध असतो, हलत नाही. परवा वणीच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत अडकलो. भर दुपार, एसी सुरू, मागे आई, काकू आणि पोरं. काटा बघता बघता पाऊणवर गेला आणि मग लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, गाडी बाजूला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, खाली पाणीही सांडलेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने निघालो तर चंद्रपूरपर्यंत काटा परत मधोमध, जसं काही झालंच नाही.

गावातल्या मेकॅनिकचं म्हणणं, "थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप) काढून टाकू, फॅन डायरेक्ट करून देऊ (सरळ बॅटरीवर, सतत फिरता), मग जिंदगीत गरम होणार नाही." घरचे म्हणतात करून टाक. माझं मन धजत नाहीये.

दुसरं म्हणजे, पुन्हा रस्त्यात असं झालं तर करायचं काय? एक जण सांगतो इंजिन लगेच बंद कर, दुसरा सांगतो अजिबात बंद करू नको, तिसरा सांगतो बॉनेट उघडून पाणी मार. कोणाचं ऐकू?

कुटार

भाऊ, पयले रेडिएटरच्या जाळीत टॉर्च मारून पाहा. माह्या ट्रॅक्टरचं दर सोयाबीनले हेच होते. थ्रेशर चालून राहिलं की सारं कुटार (भुसा) जाळीत जाऊन बसते, आन् दुपारपर्यंत काटा वर. हवा मारली की गाडी थंड. तुमची कार हाय, तिच्यात कुटार नसन, पण कापसाच्या गाड्याईच्या मागं चालता तं रुई, चिलटं, धूळ सारं तथीच जमा होते. मेकॅनिकले पैसे देण्याआधी हे फुकटचं काम करा.

अकोलेकर_पुण्यात

कुटार भाऊंशी सहमत, पण लक्षण वेगळं सांगतंय. काटा *कधी* चढतो हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते दिग्रसकरांनी नेमकं टिपलंय.

गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते, पंख्याची फारशी गरज पडत नाही. गाडी उभी राहिली की सगळी मदार पंख्यावर. त्यामुळे गर्दीत गरम आणि पळताना ठीक, तर आधी पंखा तपासा. म्हणजे मोटर, रिले, फ्यूज, कनेक्टर, सेन्सर. उलट, समृद्धीवर शंभर-एकशेवीसने जाताना किंवा चढावर काटा चढत असेल, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर आतून-बाहेरून बुजलाय. आणि गार गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटांतच काटा लालवर जात असेल, तर पाणी संपलंय, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा पाण्याचा पंप गेलाय.

थर्मोस्टॅट अडकला असता तर तुमची गाडी चंद्रपूरला पोचलीच नसती. मग तो काढायचा कशाला?

पाना_१०_१२

हायवेवर माझं गॅरेज आहे, एप्रिल-मे मध्ये निम्मं काम हेच असतं. अकोलेकर बरोबर सांगून राहिले.

दिग्रसकर, घरच्या घरी एक करा. गाडी सुरू करा, एसी फुल लावा आणि समोर येऊन बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखा थोड्याच वेळात फिरायला लागतो, सारखा नाही तरी थांबून थांबून. फिरलाच नाही तर गाडी बंद करा, चावी काढा आणि पंख्याचं पातं हाताने फिरवून पाहा. जड आहे का, घासतं का. मग गाडी परत सुरू करून पंख्याच्या मोटरच्या पाठीवर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकं ठोका. ठोकल्यावर फिरायला लागला तर मोटरचे कार्बन (आतले ब्रश) झिजले. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले बघा. पण एक ध्यानात ठेवा, गाडी बंद असली तरी गरम इंजिनमध्ये पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. बोटं, ओढणी, दुपट्टा लांब.

फॅन डायरेक्ट करण्याबद्दल: रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला मी स्वतः करून देतो. पण तो जुगाड आहे, इलाज नाही. पंखा चोवीस तास फिरला तर मोटर लवकर जाते, आणि बारीक वायरने जोडला असेल तर वायर वितळते. बॉनेटखाली आग लागायला एवढं पुरे.

वर्धा_वणी_अपडाऊन

रस्त्यात काय करायचं ते कोणी सविस्तर सांगा ना. मी शाळेच्या कामासाठी एकटी गाडी चालवते. माझ्या गाडीला तर काटाच नाही, नुसता दिवा आहे.

पाना_१०_१२

ताई, नवीन छोट्या गाड्यांत काटा देत नाहीत. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून गार, तो थोड्या वेळाने जातो. लाल लागला तर समजा वेळ उरलेला नाही. काटेवाल्याला निदान आधी सूचना मिळते, तुम्हाला नाही.

आता "बंद करू की नको" हे भांडण. दोघंही खरं सांगतात, पण वेगवेगळ्या वेळेचं.

काटा नुसता वर सरकतोय, वाफ नाही, वास नाही, दिवा नाही: एसी बंद. हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता आत ओढतो. पंचेचाळीस डिग्रीत हीटर लावायला सांगितलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात, पण याने इंजिन वाचतं. रांगेत असाल तर न्यूट्रल करून रेस थोडी वाढवा, म्हणजे पंप जोरात फिरेल. दोन-एक मिनिटांत काटा उतरला तर हळूहळू पुढे जाऊन सावली बघून थांबा.

काटा लालवर टेकला, लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफ आली, गोडसर वास आला किंवा खाली पाणी सांडतंय: जिथे सुरक्षित असेल तिथे लगेच बाजूला आणि इंजिन बंद. "करंजी चार किलोमीटरवर आहे, तिथवर नेऊ" हा विचार सगळ्यात महाग पडतो. माझ्याकडे दुसऱ्या गाडीने ओढून आणलेल्या गाड्यांत हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलेल्या गाड्या बऱ्याच, आणि त्यातल्या बहुतेक त्या शेवटच्या चार किलोमीटरमध्ये वाकलेल्या. अ‍ॅल्युमिनिअमचं हेड असतं, जास्त तापलं की त्याची सपाटी जाते, गॅस्केट (हेडखालचं सील) फुटतं, पाणी ऑइलमध्ये आणि ऑइल पाण्यात. ऑइलचं झाकण उघडलं की आत ताकासारखं पांढरं दिसतं. मग हेड उतरवा, मशिनवर फेसिंग करा (परत सपाट करा), हजारांचं काम. आणि मेकॅनिकल बिघाड साध्या इन्शुरन्समध्ये बसत नाही.

अजून एक फसवं. काटा लालवरून एकदम खाली आला म्हणजे सुटलो असं नाही. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तरी काटा चुकीचं दाखवतो. गाडी दम सोडतेय आणि काटा गार दाखवतोय, तर काट्यावर विश्वास नको.

एसटीचा_माजी

बाळांनो, आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट जुन्या गाड्यांनी चढलो. पत्र्याचे डबे भरून पाणी सोबत असायचं. तेव्हा ना कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन) होतं ना काही, विहिरीचं साधं पाणी. गाड्या चालल्याच की. कूलंट थंड मुलखासाठी, बर्फात गोठू नये म्हणून. आपल्याकडे कशाला?

अकोलेकर_पुण्यात

काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. नुसतं पाणी उष्णता ओढायला कूलंटपेक्षा सरसच असतं. पण ते १०० डिग्रीला उकळतं. झाकणाच्या दाबामुळे ही मर्यादा वर सरकते. एक बार दाबाचं झाकण असलं की साधं पाणीही साधारण १२० पर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण त्याच दाबाखाली अजून थोडं पुढे टिकतं. म्हणजे आपल्याकडे कूलंट पाणी गोठू नये म्हणून नव्हे, उकळू नये म्हणून हवं. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे गंज. जुन्या एसटीचा रेडिएटर पितळ-तांब्याचा होता, डाग देऊन भागायचं. आताचे अ‍ॅल्युमिनिअमचे, प्लास्टिकच्या टाक्या बसवलेले. कूलंटमध्ये गंजरोधक असतं, विहिरीत नसतं.

कुटार

आन् आमच्या दर्यापूर-मूर्तिजापूरकडे तं विहिरीचं पाणी म्हणजे मीठच. खारपाण पट्टा. पूर्णेच्या काठानं अकोला, अमरावती, बुलढाणा, साऱ्या गावाईचं भूजल खारं. ते पिऊन ढोर थकते, रेडिएटर कसा टिकन? माह्या साळ्यानं बोरचं पाणी टाकलं, दोन उन्हायात रेडिएटरच्या नळ्याईत पांढरी खपली जमली. नळी चाकूनं खरडली तं चुना निघाला.

दिग्रसकर_२

अपडेट देतो. एसी लावून बघितलं, पंखा फिरलाच नाही. पाना भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मोटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने ठोकलं आणि तो सुरू झाला! बंद केला, परत लावला, परत अडला. मोटर काढून नेली, कार्बन झिजलेलेच निघाले. एका बाजूचा तर तारेपर्यंत घासला होता. यवतमाळला नवीन मोटर टाकली. जाळीतून रुई आणि मेलेल्या किड्यांचा थर निघाला, तो कुटार भाऊंच्या नावे. थर्मोस्टॅट जागेवरच ठेवलाय.

पण मेकॅनिक अजूनही म्हणतो, "थर्मोस्टॅट आपल्या भागात लागत नाही." यात किती तथ्य?

पाना_१०_१२

हे वाक्य निम्म्या विदर्भात ऐकायला मिळेल. माझ्या उस्तादानेही हेच शिकवलं होतं.

थर्मोस्टॅटमध्ये मेण भरलेली छोटी डबी असते. पाणी साधारण ८० ते ९० डिग्रीला आलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. त्याआधी बंद, म्हणजे इंजिन लवकर तापावं. हिवाळ्यात सकाळी यवतमाळला थंडी असते, थर्मोस्टॅट काढलेली गाडी शाळेपर्यंत पोचेपर्यंत गारच राहते. गार इंजिन डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये ओल साचते, नवीन गाड्यांत तर चेक इंजिनचा दिवाही लागतो. काही गाड्यांत तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून आखूड वाटेनेच फिरतं आणि गाडी उलट जास्त गरम होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

संशय असेल तर काढा, दोरीला बांधून पाण्याच्या भगोन्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका, आणि गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आत झडप उघडली पाहिजे, गार झाल्यावर बंद झाली पाहिजे. नाही झाली तर नवीन टाका. भगोनं परत स्वयंपाकघरात नेऊ नका, वहिनी मारतील.

वर्धा_वणी_अपडाऊन

झाकणाचं सांगा. यूट्यूबवर बघितलं की लोक कपडा घेऊन झाकण उघडतात.

एसटीचा_माजी

हे मी सांगतो, कारण आमच्या आगारात एकाचा हात आणि मान भाजली होती. आत दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब गेला, आणि ते सगळं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. कपड्याने काही अडत नाही, उलट गरम पाणी पिऊन तो हाताला चिकटतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं. वरच्या जाड नळीला हात लावून बघायचा, दाबून बघायची. कडक आणि गरम असली तर अजून थांबा. मऊ, कोमट झाली की मग तोंड बाजूला ठेवून, जाड कपड्यातून, पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं. फुस्स आवाज संपला की पुढे.

पाणी टाकताना इंजिन सुरू करून, बारीक धारेने टाका. सुरू असलं की पंप ते पाणी फिरवत नेतो, एका जागी गार पडत नाही. आणि तापलेल्या इंजिनवर वरून बादली? कधीच नाही. लोखंड असो की अ‍ॅल्युमिनिअम, तडकतं.

पाना_१०_१२

काका बरोबर. फक्त एवढंच जोडतो की बऱ्याच नवीन गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, पाणी बाजूच्या पांढऱ्या टाकीतून भरायचं. त्या टाकीचं झाकणही दाबाचंच असतं, नियम तोच. टाकीवर कमाल-किमान खुणा असतात, गार गाडीत पाणी त्या दोघांच्या मध्ये असावं. नुसती टाकी रिकामी दिसली म्हणून भरून मोकळे होऊ नका, ते पाणी गेलं कुठे ते शोधा. नळीच्या क्लिपजवळ पांढरा-हिरवा डाग, पंपाखाली थेंब, आत पायाजवळ ओली मॅट म्हणजे हीटरची कॉइल. काहीच सापडत नाही आणि तरी पाणी रोज कमी होतं, टाकीत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर, तर हेड गॅस्केट.

आणि हो, भाजलंच तर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, हळद नाही.

वर्धा_वणी_अपडाऊन

सगळे इंजिनचंच सांगताय, माणसांचं मी सांगते. मे महिन्यात दुपारी बंद गाडीत बसून राहणं म्हणजे इंजिनआधी माणसाचा काटा लालवर. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी उतरवा, कडुनिंबाची सावली शोधा, डोक्याला ओला दुपट्टा. पिण्याचं पाणी आणि गाडीचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, आणि पिण्याचं रेडिएटरला जाऊ देऊ नका, मागून गाडी येईलच. समृद्धीवर किंवा चौपदरीवर असाल तर कठड्याच्या पलीकडे उभं राहा, गाडीच्या मागे कधीच नाही. हजार्ड लाइट लावा, त्रिकोण मागे नेऊन ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लागतो, क्रेन येते. कोणाला भोवळ आली, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर ११२ किंवा १०८. खिशात कांदा ठेवला म्हणून ऊन लागत नाही हे माझी सासूबाई मानते, ठेवू द्या, पण पाणीही पाजा.

कुटार

ताई, आमच्या मायच्या पदराले कांदा बांधलेला असते. गाडीच्या रेडिएटरलेही एक बांधून पाहाव म्हणतो 😄

संपादक_मंडळ

कांद्यावर स्वतंत्र धागा आहे, कृपया तिकडे.

दिग्रसकर_२

कूलंट आता पूर्ण बदलायचं आहे. आत कधी कोणतं टाकलं ते माहीत नाही, हिरवट-तपकिरी दिसतंय. वरून गुलाबी टाकलं तर चालेल?

अकोलेकर_पुण्यात

नको. रंग हा कंपन्यांचा आपापला असतो, रंगावरून प्रकार ठरत नाही. पण वेगळ्या रसायनाची मिसळली तर गंजरोधक निकामी होतं, कधी गाळही होतो. जुनं पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर पुस्तकातल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा, रेडीमिक्स घेतलं तर त्यात काही घालू नका. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं की जास्त थंड होईल, हा गैरसमज आहे, उलट उष्णता कमी ओढतं. आणीबाणीत नळाचं, बोरचं, अगदी खारं पाणी टाकलं तरी चालेल, इंजिन वाचणं महत्त्वाचं. मात्र गावी पोचल्यावर आठवड्याच्या आत काढून धुवायचं.

पाना_१०_१२

काढलेलं कूलंट अंगणात, नालीत ओतू नका. ते गोड लागतं, कुत्रं, शेळी, वासरू चाटतं आणि किडनी निकामी होऊन मरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, आणि लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. भरल्यावर हवा काढायची राहिली तर आत हवेचा गोळा अडकतो आणि नवीन कूलंट टाकूनही काटा चढतो. गाडीचं तोंड चढावर करा, हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा, पंखा लागून बंद होईस्तोवर थांबा, बुडबुडे यायचे थांबले की भरून झाकण लावा. हे गार इंजिनपासून सुरू करायचं, तापलेल्या गाडीवर नाही.

दिग्रसकर_२

झाकणाचं रबर चिरलेलं दिसतंय. तेही बदलू का? कोणतंही बसणारं चालतं का?

पाना_१०_१२

बदला, बरेचदा खरी भानगड तिथेच असते. दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. "कोणतंही बसणारं" नको. जुन्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, दुकानात जुनं सोबत न्या आणि तोच आकडा मागा. जास्त आकड्याचं लावलं तर जुन्या नळ्या फुटतील. वरची नळी दाबून बघा, बोटाने कचकच वाजली किंवा टोकाला फुगली असेल तर क्लिपसकट तीही घ्या. लग्न कधी आहे पुढचं?

दिग्रसकर_२

येत्या गुरुवारी, राजुऱ्याला. पहाटे चारला निघतोय.